माझ्या पायाची चौकशी

जिल्हा स्पर्धेसाठीच्या शाळेच्या खो-खो संघात मला परत घेतलं. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही.

तर, सोमवारी सकाळी शाळेच्या फलकावर संघाची यादी लागली. तिच्यात सहावीतल्या हिंदवी सुतारचं, म्हणजे माझं, नाव नव्हतं. ते खाली वेगळं होतं: "वगळले. कारण: पायाचा जुनाट विकार."

मी खाली पाहिलं. दोन्ही पाय जागेवर होते, ठणठणीत. खेळाचे गुरव सर म्हणाले की यादी शाळेच्या संगणकाने लावली आहे, त्याला कुठूनतरी कळलं असेल. मी आधी डॉक्टरांवर संशय घेतला, मग आईवर, मग रेणुकावर. तिला माझी जागा मिळाली होती आणि ती उगाचच गोड बोलत होती.

शेवटी ग्रंथालयातल्या रोबोकाकांकडे गेले. हे यंत्रमानव पूर्वी एका जाहिरात कंपनीत लोकांवर पाळत ठेवायचे. निवृत्तीनंतर पुस्तकांवर शिक्के मारतात. त्यांनी विचारलं, अभ्यासाच्या संकेतस्थळावर गेल्या आठवड्यात काय शोधलंस?

वर्तुळाचा परीघ, मी म्हटलं. म्हणजे 'पाय किती असतो', 'पाय संपत का नाही', 'पाय कायम असाच राहणार का'.

रोबोकाकांनी शिक्का खाली ठेवला. "अगं, पाय म्हणजे परीघ भागिले व्यास, हे तुला माहीत आहे. त्यांना कोण सांगणार?"

मग त्यांनी समजावलं. संकेतस्थळ उघडलं की ते आपल्या टॅबमध्ये कुकी (ओळख पटवणारी छोटी नोंद) ठेवतं. त्याच पानात दुसऱ्याच कंपन्यांचे ट्रॅकर (पाळत ठेवणारे लपलेले प्रोग्राम) असतात. आपण काय शोधलं, कुठे थबकलो, सगळं ते टिपतात. त्या तुकड्यांतून प्रोफाइल (आपल्याबद्दलचा अंदाज) तयार होतं. तो अंदाज हातोहात फिरतो आणि फिरता फिरता खरा वाटायला लागतो. माझ्याबद्दलचा अंदाज फिरत फिरत शाळेच्या संगणकात पोचला होता.

मला हे पटेना. रोबोकाकांवरही संशय आला. म्हणून आम्ही एक कोरा टॅब घेतला. 'त्रिज्या' शोधलं: काही नाही. 'पाय संपत का नाही' शोधलं: तिसऱ्या पानावर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात, पाचव्यावर कुबड्यांची, एका जोडीवर दुसरी मोफत.

टॅब गुरव सरांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, माझे पायही पाहिले, आणि म्हणाले, "पळून दाखव."

मी पळाले. सरांनी यादी हाताने लिहिली. रेणुका राखीव झाली आणि लगेच पूर्वीसारखी बोलू लागली.

आता शाळेच्या टॅबमध्ये ट्रॅकर अडवणारी गाळणी बसवली आहे. आमचा वर्ग प्रत्येक नव्या संकेतस्थळाला आधी विचारतो: ही माहिती तुला कशाला हवीय? आणि मी एक अर्ज पाठवला आहे.

प्रति, संकेतस्थळाचे मालक.
विषय: माझी माहिती परत मिळणेबाबत.
महोदय, माझ्याविषयी जमवलेली सर्व माहिती पुसावी. ज्यांना ज्यांना दिली, त्यांच्याकडे स्वतः जाऊन ती परत आणावी. यापुढे माझ्याबद्दल काही कळल्यास प्रथम मला कळवावे. उत्तर माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवावे. पत्ता कळवला जाणार नाही.