अठ्ठेचाळीसचा आकडा

"माझा धाकटा लेक बेइमान निघाला, ताई," म्हणत गंगम्मानं सोलापूरच्या तपासणी केंद्राचा कागद टेबलावर ठेवला.

हर्षाली गवारे उमरग्यात खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे मदतनीस, निवृत्त हवालदार उत्तरेश्वर यांना वाटलं, दागिने गेले असतील. पण गेली होती ती थोरल्या लेकाची, राजशेखरची, आशा.

राजशेखर डायलिसिसवर होता. आईची किडनी जुळत होती. ती रक्त किती गाळते, एवढंच मोजायचं होतं. त्यासाठी शिरेत किंचित किरणोत्सर्गी औषध सोडतात आणि काही तासांनी रक्त काढून त्यात किती उरलं ते मोजतात. जास्त उरलं तर किडनी कमजोर. ऐंशीच्या वर हवा असलेला आकडा अठ्ठेचाळीस आला, आणि डॉक्टरांनी नकार दिला.

"साधी तपासणी तीनदा चांगली आली. नंदीशच म्हणत होता, अव्वानं, म्हंजी म्या, किडनी देऊ न्हाय. त्यानंच घोळ केला. आठ दिवस घरात घेतला न्हाय त्याला."

तिनं चहाचा कप उचलला. उजव्या कोपराच्या खाचेत सुईचे काळेनिळे डाग होते. डावा हात स्वच्छ, तळव्यावर तेवढी विभूती. म्हातारीला लई टोचलं, असं वाटून उत्तरेश्वरांचा जीव कळवळला. त्यापुढं मात्र त्यांचं डोकं चाललं नाही.

नंदीश हायवेवरच्या टायरच्या दुकानात भेटला.

"व्हय, नको म्हणालो. अव्वाला काही झालं तर? पण घोळ कधी करणार? किरणांचं औषध म्हणून मला दिवसभर केंद्राबाहेरच बसवलं."

"हाच तो," गाडीत बसताना उत्तरेश्वर म्हणाले.

"कारण आहे, काका. संधी कुठं आहे?"

केंद्रातल्या बसवेश नावाच्या तंत्रज्ञानं फाईल पुढं केली. "औषध उजव्या हातात सोडलं, रक्त डाव्यातून काढलं. नियमच आहे. लिहिलंय बघा." एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघत राहिला.

संध्याकाळी हर्षालीताई गंगम्माच्या घरी गेल्या. नंदीशलाही त्यांनी बोलावलं होतं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"कागद म्हणतो, रक्त डाव्या हातातून काढलं. पण त्या हातावर डागच नाही. म्हणजे औषध सोडायला उजव्या हाताच्या शिरेत बसवलेल्या नळीतूनच रक्तही काढलं. नळीत चिकटलेलं औषध रक्तात उतरलं आणि किडनीनं गाळलंच नाही असं दिसलं. मोजणी चुकली."

"बसवेशनं खोटं लिहिलं!" उत्तरेश्वर उसळले.

"नियम मोडल्याचं झाकायला. पण मोडायला त्याला कुणी लावलं? गंगम्मा, डावा हात तुम्हीच दिला नाहीत ना?"

म्हातारीनं डावा तळवा पुढं केला.

"ह्या तळव्यावर मी रोज गळ्यातलं इष्टलिंग ठेवून पूजा करते, ताई. त्या हाताला सुई कशी लावू देऊ? पाया पडले म्या त्या पोराच्या, म्हणून ऐकलं त्यानं. येवढ्यानं काय बिघडतंय वाटलं."

"चूक पुढं त्यानं डॉक्टरांना सांगायला हवी होती," हर्षालीताई म्हणाल्या. "मोजणी पुन्हा करावी लागेल. या वेळी दोन्ही हात."

गंगम्मानं होकाराची मान डोलावली. नंदीशला आपण बेइमान ठरवलं होतं, हे आठवून उत्तरेश्वरांची मान खाली गेली.

"नंदीशा, आत ये," गंगम्माचा आवाज चिरकला. "आठ दिवस तुला बाहेर ठेवलं रे म्या. आकडा चांगला आला तर? तू तर नको म्हणत होतास."

"भ्या अजून वाटतंय, अव्वा," तो म्हणाला. "पण दे दादाला." आणि आत येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो ढसाढसा रडला.