न सुटलेला बुचडा

चोवीस वर्षांचा सुमो मल्ल तोराकाझे सकाळी साडेसहाला शिराइवा आखाड्याच्या न्हाणीघरात बेशुद्ध सापडला. आठ वाजता आखाड्याचं निवेदन पत्रकारांच्या हातात होतं.

निवेदन मोठं मानभावी होतं. ‘सकाळचा सराव आटोपून न्हायला गेले असता पाय घसरला. कालच्या कुस्तीत डोक्याला काहीही लागलेले नव्हते.’ कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार!

इस्पितळात शस्त्रक्रिया चालू होती. बाहेर त्याची आई फुमिए बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत डॉक्टरांनी कापलेले मुलाचे केस.

“डॉक्टर म्हणाले, काही तास आधी आणायला हवं होतं,” ती इन्स्पेक्टर मोगामी रित्सुकोला म्हणाली. “आधी म्हणजे केव्हा, बाई? तो सकाळी पडला ना?”

रित्सुकोने पिशवीत पाहिलं. मेण लावलेला बुचडा तसाच होता, टोकाला पंख्यासारखा पसरलेला. त्याचा गोड वास दरवळत होता.

आखाड्याचा प्रसिद्धी सल्लागार कुसाकाबे पुढे येऊन कंबरेत वाकला. तोच गोड वास त्याच्या बाहीला होता.

“तुम्ही आखाड्यात कधी पोचलात?”

“पावणेआठला. योकोहामाहून आलो. रुग्णवाहिका तोवर गेली होती. तोराकाझेंना मी कालपासून पाहिलंही नाही.”

कोपऱ्यात तोराकाझेचे वस्ताद मिठाची गुळणी धरून बसले होते. रित्सुकोने आखाड्याचा म्हातारा केशकार तोकोमात्सू याला बोलावलं.

“आजोबा, हा पंखा कधी बांधता?”

“कुस्तीच्या दिवशी. कुस्ती झाली की सोडून साधा बुचडा.”

“पंखा ठेवून कुणी सराव करतं?”

“छे! सरावात असला तर माझी अब्रू जाईल.”

“मग काल का नाही सोडलात?”

“पोर म्हणालं, डोकं फुटतंय, हात लावू नका. आडवं झालं.” म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

रित्सुको कुसाकाबेकडे वळली. “म्हणजे सकाळी सराव झालाच नाही. केस कालच्या कुस्तीचे आहेत. तो कालपासून उठलाच नाही, त्याला उचलून न्हाणीघरात नेलं. वस्तादांनी पाय धरले असतील. डोकं कुणी धरलं? बाही दाखवा.”

पांढऱ्या बाहीवर मेणाचा पिवळा डाग होता.

“हे मेण असं हवेतून चिकटत नाही, कुसाकाबे. त्याला पाहिलंही नाही म्हणालात ना?”

वस्तादांची गुळणी सुटली. “रात्री नऊला त्याची शुद्ध गेली. मी गाडी काढत होतो. हा म्हणाला, आता नेलंत तर उद्या सगळीकडे डोक्याचीच बातमी. सकाळी शुद्धीवर येईल.”

“आणि तुम्ही ऐकलंत. पोरगं मरायला टेकलं होतं आणि तुम्ही दोघं मजकूर जुळवत बसलात!”

“बाई,” कुसाकाबे हळूच म्हणाला, “गैरसमज झाला, असं काही लिहिता आलं तर—”

“लिहा ना,” फुमिए उठली. “रात्री नऊ ते सकाळी साडेसहा. माझा मुलगा तुमच्यासमोर पडून होता. एवढंच लिहा.”

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी फुमिएसमोर मान खाली घातली. तिने पिशवी छातीशी धरली.

सवयीने कुसाकाबेही वाकला.

“वाकू नका,” रित्सुको बेड्या काढत म्हणाली. “हात पुढे करा.”