सकाळची उज्ज्वला

संक्रांतीला, उत्तरायणाच्या दुपारी, आकाशात पतंगांना जागा उरली नव्हती. पांडेसऱ्यातल्या वसाहतीच्या गच्चीवर उज्ज्वला वाळत घातलेले कपडे गोळा करत होती. तेवढ्यात एक कापलेला पतंग डुलत डुलत आला आणि नेमका तिच्या डोक्यावर बसला. मांजा साडीत अडकला, केसांत अडकला... ती सोडवायला गेली तशी आणखीच गुंतली.

जिन्यात धाडधाड पावलं वाजली. एक उंच, सावळा मुलगा धापा टाकत वर आला. बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या, नाक उन्हानं लाल झालेलं.

“पतंग माझा आहे,” तो म्हणाला.

“होता. कापला की ज्याच्या हाती लागेल त्याचा.”

“हाती कुठे लागलाय? डोक्यावर आहे तुमच्या.”

“मग तर माझाच.”

तो हसला. “बरं, पतंग ठेवा. मांजा तरी सोडवू द्या. काच लावलेला आहे. गळ्याला लागला तर मला जन्मभर वाईट वाटेल.”

“गळा माझा, आणि वाईट तुम्हाला?”

“हो ना... गंमत आहे.”

त्यानं इतक्या हळूहळू तो मांजा सोडवला की खालून आईनं दोनदा हाक मारली, तरी सोडवणं संपलं नाही.

त्याचं नाव भूपेंद्र. तो बमरोलीत आईबरोबर राहायचा आणि साड्या छापण्याच्या कारखान्यात टेबलावर काम करायचा. उज्ज्वला घरी मशीनवर साड्यांना फॉल-पिको करते हे कळल्यावर तो दुसऱ्याच आठवड्यात संध्याकाळी तीन साड्या घेऊन आला. मग चार. मग आणखी.

“एवढ्या साड्या कुणाच्या?” तिनं विचारलं.

“मालकाच्या बायकोच्या.”

“गुजराती मालकाची बायको नऊवारी नेसते?”

भूपेंद्रचा चेहरा पडला. बमरोलीतल्या निम्म्या बायकांच्या साड्या त्यानं मागून आणल्या होत्या. उज्ज्वला एवढी हसली की मशीनचं पायडल उलटं फिरून दोरा तुटला.

संध्याकाळी ती अशीच असायची. हजरजबाबी, खळखळून हसणारी. तिच्या डाव्या गालावर खळी पडायची आणि ती पाहायला भूपेंद्र मुद्दाम काहीतरी वेड्यासारखं बोलायचा. गल्लीत खमणवाल्याची घंटी वाजायची, तो कागदात खमण घेऊन यायचा, वरची तळलेली मिरची न विचारता तिला द्यायचा. “केम, तिखट आहे?” तो विचारायचा. “माझ्याहून कमी,” ती म्हणायची.

दोन्ही घरं खानदेशातली, एकाच समाजातली. हरकत घ्यावी असं कुणाला काही सापडलं नाही. फाल्गुनात सुपारी फुटली, लग्न वैशाखात ठरलं. भूपेंद्रची आई काशीबाई यांनी उज्ज्वलाच्या हनुवटीला बोट लावून म्हटलं, “पोरगी मोठी हासरी शे.”

उज्ज्वलाची आई शोभाबाई त्या वेळी दुसरीकडे पाहत होती.

कारण घरात फक्त तिला माहीत होतं, की सकाळची उज्ज्वला वेगळी असते.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात, प्लेगच्या दिवसांत, ते सुरू झालं. शोभाबाई तेव्हा गावी होती. उज्ज्वलाला पहाटे जाग आली तर घरात वडील नव्हते. बाहेर येऊन पाहिलं, तर शेजारच्या सगळ्या खोल्यांना कुलपं. रात्रीतून गल्ली रिकामी झाली होती. एक बादली आडवी पडली होती, तिच्यातलं पाणी अजून वाहत होतं. वडील उधना स्टेशनवर गाडीची चौकशी करायला गेले होते, उजाडताना परत आले. पण तेवढ्या वेळात तिच्या मनानं ठरवून टाकलं होतं की सगळे गेले, आणि आपण राहिलो.

प्लेग गेला. माणसं परत आली, कुलपं निघाली. तिची पहाट मात्र तशीच राहिली. अंधार असतानाच डोळे उघडायचे. रिक्षा अचानक खड्ड्यात आदळावी तसं पोटात काहीतरी खाली जायचं. हात गार, जीभ कोरडी, काळीज कानांत वाजणारं. नळाचं पाणी आलं की वाटायचं, वाईट बातमी आली. सायकलची घंटी वाजली, वाईट बातमी. काही झालेलं नाही हे तिला कळत असे, पण त्यानं काही फरक पडत नसे. ऊन खिडकीत आलं की हळूहळू सुटका व्हायची. दुपारी ती माणसात यायची आणि संध्याकाळी हसायची.

“लग्न झालं की जाईल आपोआप,” शोभाबाई म्हणायची. “तोवर कुणाला एक शब्द बोलू नको, उज्जू. चांगलं स्थळ आहे.”

“आणि नाही गेलं तर, आई?”

शोभाबाई तांदूळ निवडत राहायची.

सुपारी फुटल्यावर भूपेंद्र म्हणाला, “रविवारी पहाटे डुमसला जाऊ. समुद्र बघू.”

“संध्याकाळी जाऊ ना.”

“संध्याकाळी गर्दी असते. सकाळी पहिल्या घाण्याची गरम भजी मिळतात. टमाट्याची! चाल ने...”

“माझं डोकं दुखतं सकाळी.”

“रविवारचं आत्ताच ठरलं दुखायचं?” तो हसून म्हणाला. तिनं खळी पाडून दाखवली, आणि विषय टळला.

मग काशीबाईंनी निरोप पाठवला. देवीच्या दर्शनाला नंदुरबारकडे जायचं, सकाळच्या गाडीनं, सुनेला घेऊन. त्या पहाटे उज्ज्वलानं साडी नेसली, वेणी घातली, बांगड्या भरल्या. आणि उंबऱ्याशी येऊन तिचे पाय थांबले. हुंदका नाही, शब्द नाही. नुसता घाम. गाडीची वेळ टळून गेल्यावर शोभाबाईनं शेजारच्या माणसाकरवी स्टेशनवर सांगावा धाडला की पोरीला ताप आहे.

संध्याकाळी भूपेंद्र आला. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

“उतरला वाटतं ताप.”

“हो...”

“रोज संध्याकाळी उतरतो का?”

तिनं सुईत दोरा ओवायला घेतला. मशीनखाली दोऱ्याची रिळं घरंगळली होती. एरवी ती त्यानं उचलली असती. तो तसाच उभा राहिला.

“उज्ज्वला, आई दोन तास फलाटावर वाट बघत होती. मी तिला काय सांगू? तुझ्या मनात नसेल तर... आत्ता सांग. मला राग येणार नाही.” तो थांबला. “येईल. पण तरी सांग.”

“मनात आहे,” ती कशीबशी म्हणाली.

“मग सकाळी काय असतं?”

आत आईनं भांडं आपटलं. उज्ज्वलानं मान खाली घातली आणि मशीन सुरू केलं. सुई नुसती कापडाशिवाय चालत होती. भूपेंद्र ती सुई बघत राहिला, मग चपला घालून गेला.

त्या आठवड्यात त्याची रातपाळी होती. तिसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो घरी गेलाच नाही, थेट तिच्याकडे आला. पुढचं दार लोटलेलं होतं. शोभाबाई नळावर रांगेत होती. मागच्या मोरीत, पाण्याच्या पिंपाला दोन्ही हातांनी धरून, उज्ज्वला उकिडवी बसली होती. केस मोकळे, ओठ पांढरे. ती पळत आल्यासारखी धापा टाकत होती, आणि बसल्या जागेवरून हललीही नव्हती.

“उज्ज्वला—”

तिनं वर पाहिलं. ज्यानं हे कधीही पाहू नये असं तिला वाटत होतं, तोच दारात उभा होता.

“जा.”

“काय होतंय तुला? पाणी—”

“जा म्हटलं ना! जा इथून!”

तो गेला. गल्लीत त्याच्या सायकलची साखळी करकरली, मग तेही ऐकू येईना.

संध्याकाळी तो आला नाही. खमणवाला घंटी वाजवत येऊन गेला. गल्लीत दिवे लागले, प्रत्येक सायकलीला तिनं मान उचलली, आणि शेवटी शोभाबाई भिंतीला टेकून म्हणाली, “झालं. आता कशाला येतोय तो.”

दुसऱ्या पहाटे जाग आली तेव्हा भीती नेहमीसारखीच आधी उठून बसलेली होती. उज्ज्वला छताकडे बघत पडून राहिली. रोज वाटायचं, काहीतरी भयंकर होणार. काल ते झालं होतं. त्यानं पाहिलं होतं, तो गेला होता. आता आणखी कशाची वाट बघायची? आणि तो आपल्या आईला काय सांगत असेल? वेडी आहे म्हणून? सांगायचंच आहे तर मीच सांगेन, माझ्या तोंडानं.

ती उठली. चपला घातल्या. उंबऱ्याशी पाय पुन्हा थांबले. तिनं चौकट घट्ट धरली, लांब श्वास सोडला, आणि एक पाय बाहेर टाकला. मग दुसरा.

बमरोलीचा रस्ता तिच्या ओळखीचा होता, पण या वेळेचा नव्हता. कारखान्यांच्या धुराड्यांतून वाफ निघत होती. गटारातून आज छपाईच्या रंगाचं गुलाबी पाणी वाहत होतं. मध्येच तिला वाटलं, आता पडणार. तिनं कारखान्याच्या भिंतीवर हात टेकला. आत बॉयलर होता, भिंत कोमट होती. तळवा उबदार होईपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग पुढे चालली. भीती कमी झाली नव्हती. ती बरोबर चालत होती, एवढंच.

काशीबाईंच्या दारावर तिनं थाप मारली.

“कोन शे?”

दार उघडलं. काशीबाईंनी तिला आपादमस्तक पाहिलं. “उज्ज्वला! काय व्हयनं व माय? मझार ये.”

ती आत गेली, पण बसली नाही. बसली असती तर बोलणं झालं नसतं.

“मला ताप नव्हता त्या दिवशी,” ती म्हणाली. दात एकमेकांवर वाजत होते. “मला सकाळी भीती वाटते. रोज. कारण नसताना. हात-पाय गार पडतात, श्वास पुरत नाही. दीड वर्ष झालं. दुपारनंतर बरं वाटतं. तुम्ही पाहिली ती संध्याकाळची मी... ती पण खोटी नाही. पण ही पण मीच आहे.”

काशीबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग बोलल्या, आणि अहिराणी सोडून शाळेतली मराठी बोलल्या. त्या रागावल्या की तसंच बोलत.

“तुझ्या आईनं हे आम्हाला सांगायला पाहिजे होतं.”

“हो.”

“मी फलाटावर बसून देवीला तुझ्यासाठी नवस बोलले. ताप उतरू दे म्हणून.”

उज्ज्वलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. “सुपारी परत घेतलीत तरी मी काही म्हणणार नाही. फक्त त्यांनी सांगण्याआधी मला सांगायचं होतं.”

“त्यानं? त्यानं कुठे काय सांगितलं?” काशीबाई म्हणाल्या. “काल सकाळी आला तो जेवला नाही, झोपला नाही. दिवसपाळीचा माणूस आजारी, म्हणून मालकानं पुन्हा बोलावलं. रातपाळी माफ झाली, तेव्हा रात्री आला. आणि मघाशी अंधारातच सायकल काढून गेला. मला वाटलं, तुझ्याचकडे.”

उज्ज्वला दाराकडे वळली.

बाहेर सायकल भिंतीवर आदळली. भूपेंद्र धावत आत आला आणि तिला पाहून दारातच थांबला. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, डोळे तांबारलेले.

“तू इथे!” तो म्हणाला. “मी तिथे गल्लीभर... तुझी आई रडतेय. मी खाडीपर्यंत जाऊन आलो तुला शोधत!”

“तुम्ही कशाला गेलात?”

“कशाला म्हणजे? काल तू जा म्हणालीस म्हणून गेलो. बाजूला बसू का, असं आज विचारायला गेलो होतो.”

“आणि मी नाही म्हटलं असतं तर?”

“तर ओट्यावर बसलो असतो. ओटा काय तुझ्या एकटीचा आहे?”

तिला हसू आलं. पहाटे, भीती छातीत तशीच असताना, तिला हसू आलं. ते तिला स्वतःलाच इतकं नवं होतं की ती हसता हसता रडायला लागली.

“तुम्हाला कळतंय ना,” ती म्हणाली, “हे कदाचित जाणार नाही?”

“मला काही कळत नाही,” तो म्हणाला. “मला तू आवडतेस. डोक्यावर पतंग घेऊन भांडत होतीस तेव्हापासून. काल मोरीत होतीस तेव्हाही... मला फक्त एवढंच वाटलं की फरशी ओली आहे, हिला गार लागत असेल.”

काशीबाई चुलीकडे वळल्या. “लग्न वैशाखात नाही,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

भूपेंद्रनं उज्ज्वलाकडे पाहिलं.

“आधी डॉक्टर. पाऊस गेला की मग बघू. आणि शोभाबाईशी मी भांडणार आहे, मध्ये कुणी पडू नये.” त्यांनी पेला भरून तिच्यापुढे धरला, आणि आवाज खाली आला. “पानी पे, माय. हात किती गार शेतस तुन्हा.”

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. जाग आली की अंथरुणात पडून राहू नकोस, म्हणाल्या. ऊठ, पाय जमिनीला लाव, श्वास सावकाश सोड, जवळच्या माणसाला उठव. या दुखण्याला नाव आहे आणि ते पुष्कळांना असतं, हे ऐकून उज्ज्वला दवाखान्याच्या जिन्यातच बसली आणि बराच वेळ भूपेंद्रचा रुमाल भिजवत राहिली. पुढे काही पहाटा बऱ्या गेल्या, काही नाही. काशीबाई शोभाबाईशी खरोखरच भांडल्या. दसऱ्यानंतर दोघींनी मिळून पापड लाटले.

दिवाळीनंतर लग्न झालं. आठच दिवस झाले असतील. उज्ज्वलाला अंधारात जाग आली, आणि पोटात ते ओळखीचं काहीतरी खाली गेलं. तिनं पाय जमिनीला लावले. श्वास सोडला. भूपेंद्र पाळी करून आलेला, गाढ झोपेत होता. त्याला उठवावं की नाही... तिचा हात कितीतरी वेळ त्याच्या खांद्याच्या वर तसाच राहिला.

“अहो,” ती हळूच म्हणाली. “उठता का?”

तो ताडकन उठून बसला. डोळे मिटलेलेच होते. “हो. आहे. मी आहे. चल, बाहेर बसू.”

ते ओट्यावर येऊन बसले. गार वारा होता, त्यानं आपली चादर दोघांभोवती घेतली. “सांग,” तो म्हणाला, “कुठे होतंय? छातीत? मी ऐकतोय... बोल तू...” आणि बोलता बोलता त्याचं डोकं कलंडलं आणि तिच्या खांद्यावर आलं. पुढच्या क्षणी तो घोरत होता.

उज्ज्वलाचं काळीज धडधडत होतं. हात गार होते. समोर दूधवाल्याची सायकल वळली, नळाला पाणी आलं, कुठेतरी लोखंडी फाटक वाजलं. प्रत्येक आवाजाला ती दचकत होती, पण खांदा हलू देत नव्हती. हलला असता तर त्याची झोप मोडली असती.

समोरच्या भिंतीवर ऊन येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.