भिंतीपाशी मंदावणाऱ्या मोटारी

"अहो, थांबा! थांबा जरा! कितव्या सालची?"

फाटकाच्या खांबानंच हाक मारली म्हटल्यावर कोणीही दचकेल. फिक्या निळ्या मोटारीतला तरुण दचकला आणि त्यानं करकचून ब्रेक दाबला. फाटकापाशी कुंड्यांना पाणी घालत असलेल्या तिला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. खांबावरच्या कॅमेऱ्यातून येणारा तो आवाज तिच्या बाबांचा होता.

बाबा निवृत्त बसचालक. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन महिने व्हरांड्यातल्या खुर्चीला खिळलेले. समोर पुरुषभर उंचीची लांबलचक भिंत, त्यामुळे रस्ता दिसायचा तो कॅमेऱ्यातून, मोबाइलवर. कॅमेरा बसवला होता रोजचा पेपर पळवणाऱ्याला पकडायला. पेपरचोर काही सापडला नाही. बाबांना जुन्या मोटारी सापडल्या. सोमवारी हिरवी, बुधवारी काळी, शुक्रवारी कापडी टपाची. वेळ, रंग, दिव्यांचा आकार, सगळं वहीत टिपलेलं. सगळ्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी येणाऱ्या, आणि सगळ्या घरापाशी आल्या की मंदावणाऱ्या.

"कोणी तरी बडी असामी राहायला आलीय," बाबांनी निष्कर्ष काढला होता. "रोज नवी जुनी मोटार!"

तिचा निष्कर्ष वेगळा होता. तिनं कॅमेऱ्यातली चित्रं मागे-पुढे करून नीट पाहिली होती. मोटारी बदलायच्या, पण खिडकीवर टेकलेलं कोपर तेच. दुमडलेली बाही तीच. आणि घर आलं की बाहेर झुकून इकडे वळणारी मानही तीच... ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. कोण कुठे बघतंय हे आपल्याला बरोबर कळतं, असा तिचा समज होता. गेले दोन आठवडे फाटकाजवळच्या कुंड्यांना नेमकी आठ वाजून आठ मिनिटांनी तहान लागत होती.

"सत्तर वर्षांची आहे," तरुणानं अदबीनं खांबाला सांगितलं. मग तिच्याकडे बघून हळूच विचारलं, "हे... नेहमी बोलतात?"

"खांब नाही बोलत. बाबा बोलतात."

"इतक्या मोटारी तुमच्या एकट्याच्या?" खांबानं विचारलं.

"छे हो, काका! माझं गॅरेज आहे. लोकांच्या जुन्या मोटारी दुरुस्त करतो. परत देण्याआधी एक चक्कर मारून बघतो."

"मग आमच्याच घरापाशी हळू का होता?"

ती उत्तर ऐकायला दोन पावलं पुढे सरकली. हातातल्या नळीचं पाणी कुंडी सोडून मोटारीच्या चाकावर पडायला लागलं, हेही तिच्या लक्षात आलं नाही.

"भिंतीसाठी!" त्याचा चेहरा उजळला. "अशी सलग, उंच भिंत या भागात दुसरी नाही. जवळून सावकाश गेलं की इंजिनाचा आवाज भिंतीवर आपटून कानात येतो. कुठं टकटक होतेय, कुठं हवा गळतेय, सगळं कळतं. फक्त मान बाहेर काढून ऐकावं लागतं."

"भिंतीसाठी," ती म्हणाली.

"फार गुणी भिंत आहे हो तुमची."

"बुधवारी पाडतोय."

"काय?"

"बाबांना खुर्चीतून रस्ता दिसावा म्हणून. गवंडी ठरलाय. जाळीचं कुंपण घालणार."

घरचं माणूस गेल्यासारखा त्याचा चेहरा पडला. "अरेरे... थोडी तरी ठेवा ना. निदान पंधरा फूट?"

"बांधून देऊ? घेऊन जाता?"

तो हसला. छान हसला, हीच तर पंचाईत होती. जाताना त्यानं एकदा भिंतीकडे पाहिलं आणि एकदा... पण आता तिचा स्वतःच्या नजरेवर विश्वास उरला नव्हता.

संध्याकाळी बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "डॉक्टरीणबाई, गवंड्याला नको म्हणून कळवायचं का? मला काय, मोबाइलवर दिसतंय की. भिंत असली तर पोरगा येत तरी राहील."

"येत राहील हो, बाबा. पण कशासाठी येतो ते कधीच कळायचं नाही."

"आणि पाडल्यावर आलाच नाही तर?"

"तर तुम्हाला रस्ता दिसेल," ती म्हणाली. आवाज ठाम होता. ताटातलं मात्र तसंच राहिलं.

बुधवारी भिंत पडली.

गुरुवारी बाबांनी खुर्चीतून सबंध रस्ता पाहिला. दोन दूधगाड्या, एक शाळेची बस. शुक्रवारी तेवढंच. दोन्ही दिवस कुंड्यांना इतकं पाणी मिळालं की त्यातलं एक रोप सडायला लागलं. "जाऊ दे गं," बाबा म्हणाले, "मोटारींचं वेड असलेल्या माणसाचं काही खरं नसतं. तुझ्या आईला विचार." आई आतून म्हणाली, "मला कशाला विचारायला हवं? दिसतंय ना समोर!"

शनिवारी आठ-दहाला तिचा मोबाइल किणकिणला. कॅमेरा एरवी कळवायचा, 'वाहन दिसले.' आज कळवत होता, 'व्यक्ती दिसली.'

फाटकाबाहेर तो उभा होता. पायी. बाह्या आज खाली सोडून नीट बटणं लावलेली.

"मोटार कुठाय?" तिनं विचारलं.

"मुद्दाम नाही आणली. आणली असती तर तुम्ही म्हणाला असतात, मोटारीसाठी आलो."

"भिंत नाहीये आता इथे."

"दिसतंय." तो बोटाला लागलेलं काळं ग्रीस चोळत राहिला. "दोन दिवस गोदामाच्या भिंतीपाशी गेलो होतो. या भिंतीच्या दुप्पट लांब आहे. आवाज तर अगदी स्वच्छ येतो..."

"मग बरंच झालं की."

"कसलं बरं! दोन्ही दिवस आवाज ऐकायचाच राहून गेला. मान सारखी फाटक शोधत होती. तिथे फाटकच नाही. काल एक मोटार परत आली — मालक म्हणतो, टकटक तशीच आहे. आठ वर्षांत पहिल्यांदा!"

"म्हणजे आमच्यामुळे तुमचं नाव खराब झालं?"

"तुमच्यामुळे," तो म्हणाला. "'आमच्या'तले बाबा सोडून." मग एकदम धीर गोळा करून, "भिंतीचं सांगितलं ते खरंच होतं. पण पहिल्या आठवड्यापुरतं. त्यानंतर तुम्ही कुंड्यांपाशी दिसायला लागलात... मला वाटलं, विचारलं तर हसाल."

"आणि मला वाटलं..." ती थांबली. काय वाटलं होतं ते सांगायला आता हरकत नव्हती. फक्त ओठ ऐकत नव्हते. "मी रोज आठ वाजून आठ मिनिटांनी बाहेर यायचे. पाणी रात्रीच घातलेलं असायचं."

दोघं जाळीच्या अल्याड-पल्याड नुसतेच हसत उभे राहिले. किती वेळ, ते बाबांच्या वहीत नक्कीच सापडेल. कारण समोर आडोसा काही उरला नव्हता, आणि व्हरांड्यातून कॅमेऱ्याविना खणखणीत आवाज आला:

"अगं, फाटक उघड आता! का तेही पाडायला सांगू गवंड्याला?"