अर्ध्या तासाचा रस्ता

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शाळा लवकर सुटली. शब्दही साधेच येतात. चुकलं तर सांभाळून घ्या, पण ऐका.

गोष्ट नांदुऱ्याकडच्या गोकुळची. त्याच्या बायकोचा, काजलचा, भाऊ राजकुमार त्या दुपारी पहिल्यांदा विमानात बसणार होता. अकोल्याहून जळगावला. दोन्हीकडची विमानतळं लहान, विमानही मोजक्या माणसांचं. गाडीनं अख्खी दुपार मोडते. वरून दीडशे किलोमीटर, अर्ध्या तासाचा रस्ता. आणि तो रस्ता गोकुळच्या वावरावरून जायचा.

"खिडकीतून पाह्यतो म्हणे राजू," काजल म्हणाली. "पन आपलं वावर त्याले वरून कसं समजन?"

"तुह्या भावाले खालून समजत नाही, वरून काय समजन!" गोकुळ हसला. पण त्यानं दळून आणलेलं ज्वारीचं पीठ उचललं आणि घरामागच्या नांगरलेल्या काळ्या रानात मोठं पांढरं रिंगण भरलं.

त्याची आई सरस्वतीबाई काठी टेकत आली आणि जागीच थिजली.

"हे काय केलं रे, मुडद्या? मेलेल्या मानसासाठी पीठ पसरतेत, त्याचं पाऊल पाहाले. जित्याच्या नावानं पसरलं... आता कोन येईन, सांग न?"

तेवढ्यात विमान आलं. खूप खालून, पण आवाज नव्हता. पाखरं गप्प झाली. सावली वावरावरून सरकत रिंगणात आली आणि थांबली. विमान पुढे गेलं. सावली मागेच राहिली, मग हळूहळू पिठात जिरली. ओल्या राखेचा वास सुटला. काजलचं लक्ष वरच होतं. तिनं दोन्ही हात हलवले आणि आनंदानं घरात चहा ठेवायला गेली.

गोकुळचा फोन वाजला. राजकुमार होता.

"भाऊजी, विमान उडलंच नाही अजून. आता बसून राह्यलो."

घटकाभर गोकुळ आणि म्हातारी आभाळाकडेच पाहत राहिले. मग त्यानं पिठाकडे पाहिलं. मधोमध अनवाणी पावलं उमटली होती. आत जाणारं एकही नव्हतं. सगळी बाहेर निघालेली, घराकडे.

"आवो," घरातून काजलची हाक आली, "राजू तं इथंच आला न!"

तो धावला. चुलीकडे तोंड करून कोणीतरी बसलं होतं. पाठ राजकुमारची, आवाजही त्याचाच.

"अर्ध्या तासाचाच तं रस्ता, भाऊजी. आता राह्यतो मी इथंच."

"काजल... बाहेर ये."

"काऊन? पानी तरी देऊ द्या..."

"ये म्हनतो न..."

त्यानं तिचा हात ओढला. गडू खाली पडला.

"तिले राहू द्या," मागून आवाज आला. "तुम्ही जा."

म्हातारीला धरून तिघं अंगणातून पळाले, तेव्हा डोक्यावरून खरं विमान घरघरत गेलं.

शेजारच्या कडूबाच्या ओसरीवर दिवेलागणीला पुन्हा फोन आला. "पोचलो, ताई. वरून दिसले तुम्ही, अंगनातून पळून राह्यले होते. पन..." राजकुमार अडखळला. "तुमच्या मांगं दारात माह्यावानी कोन उभा होता?"

काजलनं फोन गोकुळच्या हातात दिला. त्यानं तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळनं दोघींना शेगावच्या एसटीत बसवलं आणि एकटाच घरी आला. आत पाऊल न टाकता दार ओढलं, बाहेरून कुलूप घातलं. पाठ फिरवली तोच आतून कोणीतरी सावकाश कडी लावली.