निम्मी दारं

प्रयोगशाळेच्या शीतखोलीचं दार कुणीतरी धाडकन उघडलं आणि तिच्या हातातली काचेची बशी पडता पडता वाचली.

"दार लावा आधी!"

"लावतो. पण मी आत असताना लावू, की बाहेर जाऊन?"

खांद्यावर हत्यारांची पिशवी, ओठांच्या कोपऱ्यात हसू. शीतयंत्राची तक्रार गेली होती, म्हणून तो आला होता. तिने अंगात दोन स्वेटर चढवले होते, डोक्याला मफलर गुंडाळला होता. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"यंत्र बिघडलंय म्हणे. तुमच्याकडे बघून तसं वाटत नाही."

यंत्र त्याच दिवशी सुधारलं. पण "एकदा बघून जातो" म्हणत तो पुढेही येत राहिला. प्रयोगशाळेत सगळे त्याला गारवाले म्हणू लागले आणि तो तिला छोट्या मॅडम. मोठ्या मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. त्या नुसत्या चष्म्यावरून बघायच्या.

"या थंडीत करता काय हो तुम्ही?" त्याने एकदा विचारलं.

तिने सांगितलं. कोलेस्टेरॉल रक्तातून एकटं हिंडत नाही, बारीक कणांत बसून जातं. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, दारासारखे. ते कणाला पकडतात आणि पेशी त्याला आत ओढून घेते. चार अंशांच्या थंडीत मात्र पेशी कण नुसता धरून ठेवते, आत घेत नाही. तेवढ्यात बाहेरचे कण मोजून घ्यायचे.

"म्हणजे हात धरायचा, पण घरात घ्यायचं नाही."

"ऊब मिळाली की घेतात," ती म्हणाली... आणि त्या थंडीतही तिचे कान तापले.

ज्यांचं कोलेस्टेरॉल जन्मापासूनच वाढलेलं असतं, अशा रुग्णांच्या पेशींशी ताडून पाहायला तिला एका धडधाकट माणसाच्या त्वचेचा बारीक तुकडा हवा होता.

"माझी घ्या. गेंड्याची आहे, चालेल ना?"

दंडाच्या आतल्या बाजूचा तो तुकडा बशीत वाढायला काही आठवडे लागले. मग तिने पेशींना दोन दिवस कोलेस्टेरॉलवाचून उपाशी ठेवलं, म्हणजे त्या असतील नसतील तेवढी दारं उघडून बसतात. थंडीत चमकता रंग लावलेले कोलेस्टेरॉलचे कण सोडले. सूक्ष्मदर्शकाखाली चांदणं दिसायला हवं होतं. दिसले विरळ ठिपके. मोजणी अपेक्षेच्या निम्मी आली. पुन्हा केली — पुन्हा निम्मी.

खोली थंड राहत नसणार. कण आत निघून जात असणार, म्हणून बाहेर कमी दिसतात. तिने फोन लावला.

"तुमचं काम कच्चं निघालं. माझा सगळा प्रयोग पाण्यात गेला."

तो आला तो तणतणतच. "मला काय वाटेल ते बोला, माझ्या कामाला नावं ठेवायची नाहीत!"

दार लावून दोघं आत उभे राहिले. त्याने आपला तापमापक कपाटात ठेवला. चार. दाराशी धरला. चार. तिने स्वतःचा आणला. चार.

"बघा!" तो वळला. इतक्या जवळ की त्याचा श्वास धुरासारखा दिसला. "खोली ठणठणीत आहे. आता चुकतंय कुठे, ते तुमचं तुम्ही शोधा."

तिने वर पाहिलं. त्याच्या बुबुळांभोवती एक फिकट, राखाडी कडं होतं. किती दिवस ती ते चोरून बघत होती... या वयाच्या माणसात ते कशाने येतं, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. कोलेस्टेरॉल साचून.

"तुमचे बाबा... कशाने गेले?"

"हार्ट अटॅक. चाळिशी लागली होती नुकती. का?"

"सहज."

"असं कुणी सहज विचारतं?"

ती दार ढकलून बाहेर पडली.

मोठ्या मॅडमनी आकडे दोनदा वाचले. "निदान आपण करायचं नाही. डॉक्टर रक्त तपासून करतील. पण त्याला कळायलाच हवं, आणि लवकर." मग चष्म्यावरून पाहत, "तू सांगशील की मी सांगू?"

"मी."

तो त्याच्या दुकानात एका उघड्या फ्रीजपुढे बसला होता. तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. निम्मीच दारं नीट आहेत, असं दिसतंय. आत न गेलेले कण रक्तात फिरतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतात. बाबांकडून आलं असावं. आणि मग घाईघाईने, "पण औषध आहे! त्याने पेशीला आतलं कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि ती आणखी दारं काढते. तुमच्याकडे चालणारी दारं आहेत ना, मग—"

तो आधीच घट्ट असलेला नट पिळत होता.

"त्या दिवशी माहीत होतं तुम्हाला?"

"...हो."

"आणि म्हणालात, सहज."

"मला भीती वाटली."

"मला वाटायला हवी ना ती?" पान्हा खाली आदळला. "जा तुम्ही."

त्यानंतर तो आला नाही. शीतखोलीचं दार वाजलं की ती वळून बघायची. दुसरंच कुणीतरी असायचं. त्याने तपासणी टाळली तर? बाबांसारखाच एक दिवस... ती पुढचा विचार करायची नाही. फोन हातात घ्यायची, ठेवायची.

मग एका संध्याकाळी त्याचाच निरोप आला. "उद्या सकाळी रक्त देतोय. कळवलं, एवढंच."

तपासणी केंद्रात ती त्याच्या आधी पोचली. तो आला, तिला पाहून थबकला, आणि मध्ये एक खुर्ची सोडून बसला. रात्रभर झोपला नसावा.

"आईला अजून सांगितलं नाही," तो समोर बघत म्हणाला. "धाकट्या बहिणीचंही तपासायला लागेल ना?"

"लागेल. मी येईन तिच्याबरोबर."

"कशाला? निकाल वाईट आला तर तुम्हाला कुणी बांधून ठेवलेलं नाही. आत्ताच सांगतो."

ती मधल्या खुर्चीवर सरकली.

"निकाल मला तुमच्या आधीपासून माहितीये," ती म्हणाली. आवाज कापत होता, तिने कापू दिला. "माहीत असूनच आलेय ना इथे?"

तो तिच्याकडे बघत राहिला. आतून नाव पुकारलं गेलं.

"अहो, तुम्हाला बोलावतायत—"

"ऐकलं." तो उठला नाही. "आधी ते अहोजाहो बंद कर."

"मग ऊठ," ती म्हणाली, आणि हाताला धरून तिने त्याला उठवलं.