दगड बोलायचे थांबले

"माझ्या भावाच्या खिशात चिखल होता," बाई म्हणाल्या. "आणि तो जिथे पडला, तिथे चिखल नाहीच. नुसता खडक आहे."

त्यांनी टेबलावर कोट ठेवला. वहिनींनी खिसा उलटा केला. राखाडी, वाळून पोपडे धरलेला गाळ कागदावर पडला.

वहिनी म्हणजे खरं तर फक्त भाऊजींच्या वहिनी, थोरल्या भावाची बायको. पण खाजगी तपासाचं काम त्यांनी सुरू केलं तेव्हा मदतीला आलेले भाऊजी सगळ्यांसमोर त्यांना वहिनीच म्हणत. अशिलांनीही तेच उचललं. आत्ता भाऊजी बोटाला पट्टी गुंडाळत होते. बिस्किटांचा डबा उघडताना कापलं होतं.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

किनाऱ्यावरची रेल्वे. पावसात दरड आली, शेवटचा डबा माणसांसकट समुद्रात गेला, मार्ग बंद पडला. आता तोच मार्ग डोंगराच्या पोटातून, बोगद्याने न्यायचा घाट होता. बाईंचा भाऊ भूशास्त्रज्ञ. लोक त्याला दगडवाला म्हणत. डोंगरात आणि किनाऱ्यावर भोकं पाडून, आतून निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या तपासून तो जाहीरपणे म्हणाला होता की डोंगर आतून सडलेला आहे. बोगद्याचा खर्च कुठे थांबेल ते सांगता येणार नाही, आणि तो नातवंडांपर्यंत फिटणार नाही.

मग तो बंद मार्गाच्या टोकाला, समुद्राच्या भिंतीखाली मेलेला सापडला.

"दुसऱ्या दिवशी शेडमधल्या कांड्यांच्या पेट्या उघडल्या. डोंगराच्या कांड्या कठीण निघाल्या. एकदम पोलादी. आता सगळे म्हणतात, तो खोटं बोलला आणि लाजेने उडी मारली. उद्या दुपारी जनसुनावणी आहे. बोगदा मंजूर झाला की माझा भाऊ कायमचा खोटारडा ठरेल."

रुळावर

बस जिथे थांबली तिथून पुढचा रस्ता दरडीखाली होता. लोक बंद रुळावरून चालत स्टेशनात जात. सामान आणि साहेब ट्रॉलीवरून.

धुकं इतकं होतं की समुद्र फक्त ऐकू येत होता.

मुख्य अभियंता साहेब ट्रॉलीवर बसले होते. ड्रिल मशीनचा मिस्त्री ढकलायला उभा. वहिनी आणि भाऊजी चढले, मिस्त्रीने जोर लावला, आणि धुक्यातून एक म्हातारा हात आडवा आला.

"झेंडा?"

"अहो झेंडेवाले काका," मिस्त्री हसला, "इथे गाडी येऊन जमाना झाला. समोरून येणार काय, खेकडा?"

"झेंड्याशिवाय ट्रॉली रुळावर हलायची नाही."

काकांनी स्वतः लाल झेंडा काठीसकट ट्रॉलीच्या खोबणीत रोवला, नीट ताठ केला आणि मगच बाजूला झाले.

"वेड लागलंय त्याला," साहेब पुटपुटले.

साहेबांची उत्तरं

"नाही, तो गेला त्या संध्याकाळी मी मंत्रालयात होतो. सोबत आठ-दहा माणसं होती."

"हो, बोगदा मला हवाच आहे. त्यात लपवायचं काय?"

"शेडची किल्ली? काकांच्या केबिनमध्ये खिळ्याला असते. ज्याला लागते तो नेतो."

"हीच शेड. ही डोंगराच्या कांड्यांची मांडणी. ती समोरची रिकामी, किनाऱ्याच्या कांड्यांची. टाकून दिल्या असतील. तो मार्गच रद्द होणार आहे ना."

भाऊजींनी एक कांडी उचलली. "आई गं!" ते ओरडले आणि बोट झटकू लागले. "चावला हो दगड!"

"जखमेवर लावताच कशाला?" वहिनी म्हणाल्या. पण त्यांनी कांडीवरून नख फिरवलं. नखाला पांढरी पूड लागली.

मिस्त्री

"मी भोकं पाडणारा माणूस. बाहेर आलं ते पेटीत भरलं."

"हेच भरलं होतंत?"

मिस्त्रीने नजर चुकवली. "साहेब म्हणतात कठीण, तर कठीण. मी रोजंदारीवर आहे, वहिनी."

"दगडवाला काय म्हणायचा?"

"म्हणायचा, ऐक, दगड बोलतायत. आणि खरंच, शेडमध्ये टक... टक... चालायचं. सुकले की तडकायचे म्हणे. आम्ही कोणी अंधार पडायला लागला की आत जात नसू."

"आणि आता?"

चौघांनीही कान दिला. पत्र्यावरून धुक्याचं पाणी ठिबकत होतं. दुसरा आवाज नव्हता.

"ते गेले तेव्हापासून बोलत नाहीत," मिस्त्री हळूच म्हणाला.

मावशी

दगडवाला स्टेशनासमोरच्या खानावळीत वरच्या खोलीत राहायचा. खानावळवाल्या मावशी जिन्याच्या खालीच थांबल्या.

"मी नाही येत वर. खोली बोलते."

"बोलते?"

"टक म्हणते. मग गप्प. मग पुन्हा टक. आत घड्याळ नाही काही नाही. तो जिवंत होता तोवर आवाज नव्हता. तो गेल्यावर सुरू झाला."

"त्या संध्याकाळी काही पाहिलंत?"

मावशींनी पदर घट्ट ओढला. "गाडी पाहिली. म्हणजे गाडी नाही. चाकांची घरघर आली, मी खिडकीशी गेले. असंच धुकं. इंजिन नाही, दिवा नाही. नुसतं काहीतरी लाल, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, आपोआप सरकत भिंतीकडे गेलं. जिथे रूळ संपतात तिथे. तो बुडालेला डबा परत येतो, म्हणतात. मी खिडकी लावली."

"ट्रॉली असेल," भाऊजी म्हणाले.

"त्या बाजूला? दिवस मावळताना? ट्रॉली तेव्हा कुलपात असते."

वरच्या खोलीत वहिनींनी भाऊजींना खाटेखाली घातलं. ते कुरकुरत पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आले. आत वाळून कडक झालेलं फडकं, आणि फडक्यात राखाडी दगडाची एक कांडी.

"ओल्या फडक्यात ठेवला होता," वहिनी म्हणाल्या. "रोज भिजवणारा गेला."

त्यांच्या डोळ्यांदेखत कांडीवर एक बारीक रेघ धावली.

टक.

भाऊजींच्या हातून डबा पडता पडता राहिला.

झेंडेवाले काका

केबिन लहान, लख्ख. धुऊन घडी घातलेले झेंडे. भिंतीवर दोन खिळे. एकावर शेडची किल्ली, दुसऱ्यावर शाळेतल्या मुलीची पाण्याची बाटली. एका बाजूने चेपलेली.

"मुलीची," काका म्हणाले. "शेवटच्या डब्यात होती."

"त्या गाडीला हिरवा झेंडा कोणी दाखवला?"

"मीच."

भाऊजी खाली बघू लागले.

"दगडवाला इथे यायचा?"

"चहाला. चांगला मुलगा. म्हणायचा, काका, किनाऱ्याचा दगड म्हणजे लोखंड आहे, वरची माती तेवढी सरकली. दरडीपाशी भिंत बांधली की याच रुळावरून गाडी सुरू."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी त्याला अजून चहा ओतला."

सुनावणी

स्टेशनचं प्रतीक्षालय भरून गेलं होतं.

तिकिटावर अधिभार. — पाणीपट्टीवर पण. — आमचं स्टेशन जाणार आणि वर आम्हीच पैसे भरायचे? — मग काय समुद्रात पडायचं? — माणसाच्या जिवाला किंमत नाही का? — माझ्या पोरांच्या पोरांनी भरायचे, त्यांना विचारलंत?

साहेब उठले. "दगड उत्तम आहे. खर्च ठरल्याप्रमाणेच राहील."

"दोन ग्लास पाणी मिळेल?" वहिनी म्हणाल्या.

पाणी आलं. एका ग्लासात त्यांनी शेडमधल्या कांडीचा तुकडा टाकला. तो तळाशी जाऊन पडून राहिला. दुसऱ्यात डब्यातल्या कांडीचा टाकला. तो फुगला, फुटला, आणि बघता बघता पाणी राखाडी झालं. वहिनींनी त्याशेजारी कोटाच्या खिशातला चिखल ठेवला. रंग एकच होता.

"हा डोंगर," त्या म्हणाल्या. "हवेत सुकला की तडकतो, पाण्यात गेला की चिखल होतो. दगडवाल्याच्या खिशात याचा तुकडा होता. समुद्राने त्याचा गाळ केला. शेड गप्प झाली, कारण बोलणारे दगड तिथून गेले. त्यांच्या जागी आले किनाऱ्याचे."

"पुरावा?" साहेबांचा आवाज चढला.

"माझ्या दिरांचं बोट. त्या कांड्यांवर मीठ आहे. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगराच्या पोटात मीठ कुठून येईल? किनाऱ्याची मांडणी रिकामी आहे ती म्हणून."

मिस्त्री उभा राहिला. "खरं आहे. मी ओळखलं होतं. बोललो असतो तर काम गेलं असतं."

"सडक्या कांड्या जड. त्या ट्रॉलीवरून भिंतीपर्यंत नेल्या आणि समुद्रात ओतल्या. मावशींनी बघितली ती हीच गाडी. पण बघितलं काय? फक्त लाल."

वहिनी थांबल्या.

"चोरून काम करायचं. मार्ग मेलेला. धुकं लपवायला तयार. अशा वेळी ट्रॉलीवर लाल झेंडा कोण लावेल? साहेब तेव्हा मंत्रालयात होते. मिस्त्री झेंड्याला हसतो. इथे एकच माणूस असा आहे, ज्याचा हात झेंड्याशिवाय ट्रॉली हलवूच शकत नाही."

सगळ्या माना मागे वळल्या. काका दाराशी उभे होते.

"डबा गेला त्या दिवशी झेंडा चुकला," ते म्हणाले. "त्यानंतर मी कधीच चुकवला नाही."

बाई गर्दीतून पुढे आल्या. "माझ्या भावाला तुम्ही ढकललंत?"

"नाही, ताई. तो मागून आला. एक तुकडा खिशात घातला, म्हणाला, काका, हे काय करताय? शेवटची पेटी त्याने धरली. मीही धरली. त्याचा पाय सरकला. पेटी सोडून त्याचा हात धरायला हवा होता."

"मग का नाही सोडलीत?"

"पेटी परत गेली असती तर गाडी परत किनाऱ्याने गेली असती."

"तो किनारा लोखंड आहे म्हणून तो तुम्हाला सांगत होता."

"मला माहीत आहे, ताई. पण मला तिथे अजून तो डबा दिसतो."

टेबलावरच्या डब्यात उरलेली कांडी तडकली. टक. आख्ख्या प्रतीक्षालयाला ते ऐकू आलं.

सुनावणीच्या अध्यक्षांनी बोगद्याची फाइल मिटली. मग चष्मा काढून विचारलं, "त्या भूशास्त्रज्ञांचं म्हणणं नोंदवायचं आहे. त्यांच्या वतीने कोण वाचेल?"

"मी," बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या, पण आवाज ठाम होता.

परत

पोलिसांनी काकांना ट्रॉलीवर बसवलं. धुकं आणखी उतरलं होतं. शिपायाने ट्रॉलीला हात लावला.

"झेंडा?" काका म्हणाले.

शिपाई गोंधळला. या वेळी कोणी हसलं नाही. भाऊजी केबिनमध्ये गेले, घडी उलगडत बाहेर आले आणि पट्टी बांधलेल्या बोटांनी झेंडा खोबणीत रोवला. वाकडा. काकांनी तो ताठ केला.

मग चाकं फिरली. आधी शिपाई दिसेनासा झाला, मग काका. खानावळीच्या खिडकीत मावशी उभ्या होत्या. त्यांना शेवटी फक्त ते लाल दिसलं, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, हळूहळू सरकत जाणारं.

या वेळी त्यांनी खिडकी लावली नाही.